ऑस्ट्रेलियातील निःक्षारीकरण आणि पाणीबचत

ऑस्ट्रेलियातील निःक्षारीकरण आणि पाणीबचत हे त्या देशाच्या नागरी पाणीपुरवठ्याचे दोन महत्त्वाचे आधार आहेत. समुद्राच्या पाण्यातील क्षार वेगळे करून ते पिण्यायोग्य बनविणे याला निःक्षारीकरण म्हणतात. घरे, कार्यालये, उद्याने व कारखाने यांची पाण्याची गरजच कमी करणे म्हणजे पाणीबचत. १९९७ ते २००९ या काळात ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात प्रदीर्घ अवर्षण पडले. ‘सहस्रक दुष्काळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संकटात देशातील मोठ्या शहरांनी हे दोन्ही मार्ग जवळजवळ एकाच वेळी अवलंबिले. त्यामुळे दोहोंचा वेग, खर्च, ऊर्जा आणि मर्यादा यांची प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली तुलना करण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते.

या अनुभवाचे सार असे सांगता येते: पूर्वेकडील शहरे दुष्काळातून तरली ती मुख्यतः बचतीमुळे, कारण तेथील बहुतेक निःक्षारीकरण प्रकल्प पूर्ण होईपर्यंत पाऊस परतला होता. पश्चिमेकडील पर्थ शहरात मात्र पाऊस कायमचाच घटला आणि तेथे निःक्षारीकरणावाचून भागण्यासारखे नव्हते. म्हणजेच या दोन मार्गांपैकी कोणता श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर टंचाई तात्पुरती आहे की कायमची, यावर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

मानवी वस्ती असलेल्या खंडांपैकी ऑस्ट्रेलिया हा सर्वांत कोरडा खंड आहे. देशाची वार्षिक पावसाची सरासरी ५०० मिलीमीटरपेक्षा कमी आहे आणि तो पाऊसही अत्यंत लहरी आहे. प्रशांत महासागरातील एल निनो व ला निना आणि हिंदी महासागरातील तापमानाचे चढउतार यांमुळे तेथे कोरड्या व ओल्या वर्षांच्या लांबच लांब मालिका येतात. या लहरीपणावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाने विसाव्या शतकात मोठी धरणे बांधली. एकामागून एक आलेली काही कोरडी वर्षे निभावून नेता येतील एवढा साठा करावयाचा, हे त्यामागील सूत्र होते.

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ आणि अ‍ॅडलेड या पाच मोठ्या शहरांत देशाची बहुसंख्य लोकवस्ती एकवटली आहे. ही पाचही शहरे समुद्रकिनाऱ्यावर किंवा त्याच्या निकट वसलेली आहेत. घरापुढे हिरवळ आणि मागे बाग ही तेथील उपनगरी घरांची जुनी रचना असल्यामुळे उन्हाळ्यात घरगुती पाण्याचा मोठा वाटा बागेवर खर्च होत असे. पाणी स्वस्त होते आणि नळाला चोवीस तास येत होते. त्यामुळे १९९०च्या दशकापर्यंत बचत हा विषय सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नव्हता.

## सहस्रक दुष्काळ

१९९७ पासून आग्नेय ऑस्ट्रेलियात हिवाळी पाऊस कमी पडू लागला. पावसातील तुटीच्या मानाने धरणांत येणाऱ्या पाण्यातील तूट कितीतरी अधिक होती. याचे कारण असे की, कोरडी पडलेली जमीन पहिला पाऊस स्वतःच शोषून घेते आणि ती भिजल्यानंतर उरलेले पाणीच ओढ्यानाल्यांतून वाहू लागते. म्हणून पाऊस थोडा घटला तरी प्रवाह फार मोठ्या प्रमाणात घटतो.

२००७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनला पाणी पुरविणाऱ्या वाइव्हनहो, सॉमरसेट व नॉर्थ पाइन या तीन धरणांचा एकत्रित साठा १७ टक्क्यांच्याही खाली गेला. मेलबर्नच्या धरणांतील साठा २००९ च्या हिवाळ्यात २६ टक्क्यांच्या आसपास उतरला. कोरड्या वर्षांत आपल्या गरजेच्या बऱ्याच मोठ्या भागासाठी मरे नदीवर विसंबणाऱ्या अ‍ॅडलेडपुढे, ती नदीच आटत असल्याचे संकट उभे राहिले. दुष्काळ किती वर्षे चालेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. हवामान कायमचे बदलले असून जुना पाऊस आता परतणार नाही, असे मत तज्ज्ञांतही व्यक्त होत होते. पुढील सर्व निर्णय या अनिश्चिततेच्या छायेत घेतले गेले, हे त्यांचे मूल्यमापन करताना लक्षात घ्यावे लागते.

## पाणीबचतीचे उपाय

### निर्बंध

सर्वांत आधी बाहेरच्या वापरावर निर्बंध आले. धरणसाठा जसजसा उतरेल तसतसे ते कडक होत. पहिल्या टप्प्यात तुषारसंचांच्या वेळा ठरवून दिल्या गेल्या, नंतर हिरवळीला पाणी घालण्यास मनाई झाली आणि बागेसाठी आठवड्यातील ठराविक दिवस नेमून दिले गेले. रबरी नळीने मोटार धुण्याऐवजी बादली वापरणे भाग पडले. दुष्काळ सरल्यावर कडक निर्बंध उठले, परंतु काही सौम्य नियम कायम ठेवण्यात आले. मेलबर्नमध्ये तुषारसंच संध्याकाळी ६ ते सकाळी १० या वेळेतच चालविता येतात. हाताने पाणी घालताना नळीच्या तोंडाला दाबल्यावरच पाणी सोडणारी तोटी असणे तेथे आवश्यक आहे.

### साधने

ऑस्ट्रेलियातील बचतीचा मोठा भाग लोकांच्या संयमापेक्षा घरातील साधनांतील सुधारणेतून आला. त्यात तीन गोष्टी ठळक आहेत.

दुहेरी फ्लशची टाकी: ‘कॅरोमा’ या ऑस्ट्रेलियन कंपनीतील ब्रूस थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये दोन बटणांची टाकी विकसित केली. तिच्या पूर्ण फ्लशला ११ लिटर व अर्ध्या फ्लशला ५.५ लिटर पाणी लागे. पुढे हे प्रमाण ६ व ३ लिटरवर आणि त्यानंतर ४.५ व ३ लिटरवर आले. ही टाकी देशभर सर्वसामान्य झाली आणि तेथून जगभर पसरली.

पाणीबचतीची तारांकित चिठ्ठी: २००५ च्या कायद्यानुसार नळ, शॉवर, फ्लशची टाकी, कपडे धुण्याचे यंत्र आणि भांडी धुण्याचे यंत्र यांवर पाणीवापर दाखविणारी तारांकित चिठ्ठी लावणे बंधनकारक झाले. वस्तू विकत घेतानाच ग्राहकाला तिचा पाणीवापर समजू लागला आणि उत्पादकांतही कमी पाण्यावर चालणारी यंत्रे बनविण्याची स्पर्धा सुरू झाली.

पावसाच्या पाण्याची टाकी: छपरावरील पागोळ्यांचे पाणी साठविण्याची टाकी ग्रामीण ऑस्ट्रेलियात पूर्वीपासून होती. दुष्काळात सरकारी अनुदानामुळे ती शहरांतही आली. हे पाणी मुख्यतः बाग, फ्लश व कपडे धुणे यांसाठी वापरले जाते.

साधा शॉवर दर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी सोडतो, तर बचतीचा शॉवर ९ लिटर किंवा त्याहून कमी. जुन्या शॉवरखाली आठ मिनिटे अंघोळ केल्यास १२० लिटर पाणी लागते. नव्या शॉवरखाली चार मिनिटांत ती उरकल्यास ३६ लिटर पुरतात. एका माणसाच्या एका अंघोळीत ८४ लिटरची ही बचत होते. ब्रिस्बेन परिसरात चार मिनिटांची वाळूची घड्याळे घरोघर वाटण्यात आली, त्यामागे हाच हिशोब होता.

### लोकसहभाग आणि परिणाम

क्वीन्सलंड राज्याच्या जल आयोगाने २००७ मध्ये ब्रिस्बेन परिसरासाठी ‘टार्गेट १४०’ ही मोहीम सुरू केली. प्रत्येकाने घरात दिवसाला १४० लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, असे तिचे आवाहन होते. धरणांचा साठा आणि शहराचा सरासरी वापर लोकांना नियमितपणे कळविला जाई. दुष्काळापूर्वी दरडोई सुमारे ३०० लिटर असलेला घरगुती वापर मोहिमेच्या काळात १४० लिटरच्याही खाली आला. मेलबर्नने २००८ च्या डिसेंबरमध्ये ‘टार्गेट १५५’ जाहीर केले. तेथे शतकाच्या आरंभी दरडोई २४० लिटरच्या पुढे असलेला घरगुती वापर २०१०-११ पर्यंत १५० लिटरच्या आसपास आला.

पाऊस परतल्यानंतर वापर थोडा वाढला, पण पूर्वीच्या पातळीवर पुन्हा गेला नाही. बसविलेले शॉवर व टाक्या तशाच राहिल्या आणि सवयीही बऱ्याच अंशी टिकल्या. सिडनीची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक वाढूनही शहराचा एकूण पाणीवापर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीइतकाच राहिला.

## निःक्षारीकरण

### प्रक्रिया

ऑस्ट्रेलियातील सर्व मोठे प्रकल्प रिव्हर्स ऑस्मोसिस म्हणजेच उलट परासरण या पद्धतीवर चालतात. पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडविणाऱ्या अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस गोडे आणि दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्या पाण्याकडे जाऊ लागते. हे परासरण होय. मनुका पाण्यात टाकल्या असता फुगतात, ते याचमुळे. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिल्यास हा प्रवाह उलटतो आणि खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी पटलापलीकडे येते. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नैसर्गिक परासरण थोपविण्यासाठीच वातावरणाच्या सुमारे २७ पट दाब लागतो. प्रत्यक्ष प्रकल्पात साधारणपणे ५५ ते ७० पट दाब द्यावा लागतो.

या पद्धतीला व्यवहारात आणणारे पटल १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केले. नंतरच्या काळात अधिक कार्यक्षम पटले आली. पटलामागे उरलेल्या अतिखाऱ्या पाण्यातील दाब पुन्हा वापरात आणणारी यंत्रेही आली आणि ऊर्जेचा खर्च बराच घटला.

### प्रमुख प्रकल्प

- क्विनाना, पर्थ: २००६ मध्ये सुरू, वर्षाला ४५ अब्ज लिटर. देशातील पहिला मोठा प्रकल्प.
- टुगुन, गोल्ड कोस्ट: २००९ मध्ये पुरवठा सुरू, दिवसाला १२५ दशलक्ष लिटर.
- कर्नेल, सिडनी: २०१० मध्ये सुरू, दिवसाला २५० दशलक्ष लिटर. शहराच्या गरजेच्या सुमारे १५ टक्के.
- बिनिंगअप, पर्थच्या दक्षिणेस: २०११ मध्ये सुरू, विस्तारानंतर वर्षाला १०० अब्ज लिटर.
- लोन्सडेल, अ‍ॅडलेड: २०११ मध्ये पहिले पाणी, वर्षाला १०० अब्ज लिटर.
- वॉन्थॅगी, मेलबर्नच्या आग्नेयेस: २०१२ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण, वर्षाला १५० अब्ज लिटर.

### पर्यावरणावरील परिणाम

समुद्राच्या पाण्यापैकी साधारण ४० ते ४५ टक्के पाणी गोडे होऊन मिळते. उरलेले जवळजवळ दुप्पट खारट झालेले पाणी समुद्रातच सोडावे लागते. ते जड असल्यामुळे तळाशी साचते आणि तेथील प्राणवायूचे प्रमाण घटण्याचा धोका असतो. पर्थजवळील कॉकबर्न साउंड हा उथळ, अर्धबंदिस्त उपसागर असल्याने तेथे याविषयी विशेष चिंता व्यक्त झाली. म्हणून तेथे पाणी अनेक तोंडांतून वेगाने फवारून समुद्रात मिसळून टाकण्याची व्यवस्था करण्यात आली आणि तळाजवळील प्राणवायूवर देखरेख ठेवण्यात आली. विजेमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई करण्यासाठी क्विनाना प्रकल्पाच्या वापराइतकी वीज इमू डाउन्स येथील पवनचक्क्यांकडून विकत घेतली जाते. सिडनीच्या प्रकल्पासाठीही पवनऊर्जेची अशीच सोय करण्यात आली.

## दोन मार्गांची तुलना

### प्रमाण

बचत म्हणजे थेंबाथेंबाची गोष्ट आणि निःक्षारीकरण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा उपाय, असा सर्वसाधारण समज आहे. मेलबर्नचे आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. शहराची लोकसंख्या त्या वेळी ४० लाखांच्या आसपास होती. दरडोई घरगुती वापर दिवसाला सुमारे ९० लिटरने घटला असे धरल्यास,

९० लिटर × ४० लाख माणसे × ३६५ दिवस = सुमारे १३१ अब्ज लिटर

एवढी वार्षिक बचत होते. वॉन्थॅगी प्रकल्पाची पूर्ण क्षमता वर्षाला १५० अब्ज लिटर आहे. म्हणजे घराघरांतील शॉवर, फ्लश आणि बागा यांतून वाचलेले पाणी देशातील सर्वांत मोठ्या निःक्षारीकरण प्रकल्पाच्या जवळपास पोहोचणारे होते. हा हिशोब ढोबळ असला तरी त्यावरून दोन्ही मार्गांच्या तुलनात्मक आकाराची कल्पना येते.

### वेळ

निर्बंध आठवड्याभरात लागू करता येतात आणि शॉवर एका दुपारी बदलता येतो. निःक्षारीकरणाचा प्रकल्प मात्र घोषणेपासून पाणी येईपर्यंत काही वर्षे घेतो. वॉन्थॅगी प्रकल्पाची घोषणा २००७ च्या जूनमध्ये झाली. दुष्काळ २०१० मध्ये ला निनाच्या पावसाने संपला आणि प्रकल्प पूर्ण झाला तो २०१२ च्या अखेरीस. गोल्ड कोस्टचा प्रकल्प २००९ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिस्बेनच्या धरणांचा साठा ६० टक्क्यांवर पोहोचला. सिडनीचा प्रकल्प २०१२ मध्ये, धरणे भरल्यामुळे बंद ठेवण्यात आला आणि पुन्हा टंचाई जाणवू लागल्यावर २०१९ मध्ये सुरू झाला.

### खर्च

बचतीचा बहुतांश खर्च एकदाच करावा लागतो आणि तो लहान लहान हप्त्यांत विभागला जातो. पुढील प्रत्येक वर्षी पाणी व ऊर्जा वाचतच राहते. निःक्षारीकरणाचा भांडवली खर्च प्रचंड असतो आणि पाणी घेतले नाही तरी तो फेडावाच लागतो. मेलबर्नचा प्रकल्प खासगी भागीदारीतून सुमारे ३.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून उभारण्यात आला. करारानुसार पाणी मागविले नाही तरी वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर देणे भाग होते आणि तो भार अखेर ग्राहकांच्या पाणीपट्टीवर पडला. पहिली मागणी २०१६ मध्ये नोंदविली गेली आणि प्रकल्पाचे पाणी २०१७ च्या मार्चमध्ये शहराला मिळाले. म्हणजे पूर्ण होऊन चार वर्षांहून अधिक काळ प्रकल्प वापराविना उभा होता. त्यामुळे हा विषय राज्याच्या राजकारणात दीर्घकाळ वादाचा ठरला.

प्रकल्पाचे समर्थक याला विम्याची उपमा देतात. वर्षभरात आजार झाला नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असे कोणी मानत नाही, तसेच हे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. मेलबर्नची लोकसंख्या पुढे ५० लाखांपलीकडे गेली आणि २०१७ नंतरच्या अनेक वर्षांत प्रकल्पातून कमी-अधिक पाणी घेतले गेले, याकडेही ते लक्ष वेधतात. टीकाकारांचा आक्षेप विम्यावर नसून हप्त्याच्या रकमेवर आणि निर्णयाच्या घाईवर आहे. लहान प्रकल्प आधी उभारून गरजेनुसार वाढविता आला असता, असे त्यांना वाटते.

### ऊर्जा

उलट परासरणाने एक हजार लिटर गोडे पाणी मिळविण्यास आज साधारणपणे ३ ते ४ युनिट वीज लागते. धरणातून उताराने येणाऱ्या पाण्याच्या तुलनेत ही वीज पुष्कळच आहे. बचतीचा ऊर्जेशी असलेला संबंध मात्र सहसा ध्यानात येत नाही. एक हजार लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २९ युनिट ऊर्जा लागते. याचाच अर्थ असा की, अंघोळीचे गरम पाणी वाचविल्यास त्यातून वाचणारी ऊर्जा तेवढेच पाणी समुद्रातून काढण्याच्या ऊर्जेच्या सात ते नऊ पट असते. बागेचे गार पाणी वाचविण्याने हा लाभ होत नाही. म्हणून बचतीच्या उपायांत शॉवर आणि कपडे धुण्याच्या यंत्रास विशेष महत्त्व आहे.

### मर्यादा

बचतीलाही तळ असतो. एकदा गळती थांबविली, शॉवर बदलले आणि हिरवळ सोडून दिली की पुढच्या दुष्काळात कमी करण्यासारखे फारसे उरत नाही. पिणे, स्वयंपाक व स्वच्छता यांची गरज आवाहनांनी घटत नाही. दीर्घकाळ चाललेल्या निर्बंधांचे ओझेही असते. दुष्काळात क्रीडांगणे कडक होऊन बंद करावी लागली, जुनी झाडे वाळली आणि न्हाणीघरातील वापरलेले पाणी बादल्यांनी बागेत नेण्याचे कष्ट विशेषतः वृद्धांना जड गेले. पाणी कमी विकले गेल्यामुळे पाणीपुरवठा संस्थांचे उत्पन्न घटते आणि ठरलेला खर्च भागविण्यासाठी दर वाढवावे लागतात. कमी पाणी वापरूनही देयक कमी होत नाही, तेव्हा ग्राहक नाराज होतो.

निःक्षारीकरणाची जमेची बाजू येथेच दिसते. हे पाणी पावसावर अवलंबून नाही. त्याचा उपयोग केवळ दुष्काळातच होतो असेही नाही. २०११ व २०१३ च्या महापुरांत ब्रिस्बेन परिसरातील नदीचे पाणी गढूळ होऊन जलशुद्धीकरणात अडचणी आल्या, तेव्हा गोल्ड कोस्टच्या प्रकल्पाने पुरवठा सावरला.

## पर्थची वेगळी परिस्थिती

पर्थ शहराच्या परिसरात, म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियात, १९७०च्या दशकापासून हिवाळी पाऊस सुमारे १५ ते २० टक्क्यांनी घटला आहे. धरणांत येणारे पाणी मात्र सुमारे ८० टक्क्यांनी घटले. पूर्वेकडील दुष्काळ आला आणि गेला, पण पर्थमधील घट अर्धशतक टिकून आहे. हवामानबदल हे तिचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

२००५ च्या राज्य निवडणुकीत विरोधी पक्षनेते कॉलिन बार्नेट यांनी उत्तरेकडील किम्बर्ली प्रदेशातून सुमारे ३,७०० किलोमीटर लांबीच्या कालव्याने पर्थला पाणी आणण्याचे आश्वासन दिले होते. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा पराभव झाला आणि निःक्षारीकरणाचा मार्ग पक्का झाला. आज क्विनाना व बिनिंगअप हे प्रकल्प मिळून पर्थच्या गरजेचा जवळजवळ अर्धा भाग भागवितात. उरलेल्या पाण्यात भूजलाचा वाटा मोठा आहे. धरणांचा, म्हणजे पावसाच्या नव्या पाण्याचा वाटा अल्प राहिला आहे. शहराच्या उत्तरेस अल्किमोस येथे तिसऱ्या प्रकल्पाचे काम हाती घेण्यात आले आहे.

पर्थने निःक्षारीकरण स्वीकारताना बचत सोडली नाही. २००१ पासून तेथे तुषारसंच आठवड्यातून दोनच ठरलेल्या दिवशी चालविता येतात आणि जून ते ऑगस्ट या हिवाळी महिन्यांत ते पूर्ण बंद ठेवावे लागतात. समुद्रातून महागडे पाणी काढावयाचे आणि ते हिरवळीवर ओतावयाचे, यात शहाणपण नाही, हा विचार यामागे आहे. बचतीमुळे पुढील प्रकल्पाची गरज काही वर्षे लांबते, हाही लाभ आहे.

## पुनर्वापराचा पर्याय

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे हा या दोहोंमधील तिसरा मार्ग आहे. सांडपाण्यात क्षार समुद्रापेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे त्यास ऊर्जाही कमी लागते. परंतु येथे अडचण तंत्राची नसून मनाची असते. क्वीन्सलंडमधील टुवूम्बा या शहरात २९ जुलै २००६ रोजी यावर सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे ६२ टक्के मतदारांनी शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या साठ्यात मिसळण्यास नकार दिला. ब्रिस्बेन परिसरात अशा शुद्धीकरणाची मोठी योजना उभारण्यात आली, तिचे पाणी वीजकेंद्रांना मिळाले, पण पिण्याच्या धरणात ते सोडले गेले नाही. पर्थमध्ये मात्र २०१७ पासून अतिशुद्ध केलेले सांडपाणी भूगर्भातील जलधरात सोडले जाते आणि कालांतराने भूजल म्हणून पुन्हा उपसले जाते. लोकांना आधीपासून माहिती देणे, प्रात्यक्षिक केंद्र दाखविणे आणि पाणी जमिनीतून फिरून येणे यांमुळे तेथे विरोध सौम्य राहिला.

## शेती

देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी बहुतांश पाणी शेतीला लागते. शहरांतील बचतीमुळे मरे-डार्लिंग खोऱ्यातील सिंचनाचा प्रश्न सुटत नाही आणि निःक्षारित पाणी सर्वसाधारण पिकांना परवडत नाही. तेथे पाण्याच्या हक्कांची खरेदी-विक्री, ठिबक सिंचन आणि नदीसाठी पाणी राखून ठेवणे हे उपाय योजले गेले. म्हणून या लेखातील तुलना नागरी पाणीपुरवठ्यापुरतीच लागू होते. अ‍ॅडलेडच्या बाबतीत मात्र एक अप्रत्यक्ष दुवा आहे. शहराने समुद्राचे पाणी घेतले की त्याच्या वाट्याचे मरे नदीचे पाणी इतरांसाठी मोकळे होऊ शकते.

## भारतातील संदर्भ

भारतात चेन्नईने मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) येथे दिवसाला प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रकल्प उभारले. बृहन्मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे दिवसाला २०० दशलक्ष लिटर, आणि पुढे ४०० दशलक्ष लिटरपर्यंत वाढविता येईल, असा प्रकल्प प्रस्तावित केला. मुंबईला सात तलावांतून दररोज मिळणारे पाणी ३,८०० दशलक्ष लिटरच्या पुढे आहे. म्हणजे प्रकल्पाचा पहिला टप्पा त्याच्या सुमारे पाच टक्के भरतो. जलवाहिन्यांतील गळती व पाणीचोरी रोखण्याचा प्रश्न या पाच टक्क्यांच्या तुलनेत किती मोठा, याची चर्चा ऑस्ट्रेलियातील वादाशी मिळतीजुळती आहे.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव भारताला जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे ३०० लिटरवरून १४० लिटरवर येणे शक्य झाले. पण ज्या वस्तीत माणशी ४०-५० लिटर पाणीही धड मिळत नाही, तेथे घरगुती बचतीचे आवाहन निरर्थक ठरते. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांना निःक्षारीकरणाचा उपयोगही मर्यादित आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एक हजार लिटर पाणी एवढे उंच चढविण्यासच किमान १.६ युनिट ऊर्जा लागते. पंपांची अकार्यक्षमता, शेकडो किलोमीटरची जलवाहिनी आणि वाटेतील चढउतार यांचा खर्च त्याहून वेगळा. अशा ठिकाणी पडणारा पाऊस अडविणे, भूजलाचा उपसा मर्यादित ठेवणे आणि पीकपद्धती पाण्याच्या मानाने ठरविणे, हेच प्रमुख उपाय उरतात.

## हे सुद्धा पहा

- सहस्रक दुष्काळ
- परासरण
- मरे-डार्लिंग खोरे
- पर्जन्यजल संधारण
- एल निनो